लाल पेन्सिलीतला शेरा

"स्लिम म्हणजे बारीक," अभिनंदन म्हणाला आणि त्यानं डिक्शनरी वडिलांपुढं सरकवली. "सडपातळ. हे बघा. तिथं जाडी कमी पडलीय असं म्हणतायत ते."

"मोजलीस?" अण्णांनी विचारलं.

"मोजली. आठ मिलिमीटर पाहिजे, आठच आहे."

"मग बारीक कुठनं आलं?"

अभिनंदननं डिक्शनरी मिटली. टेबलावर जर्मनीहून आलेला रिपोर्ट पडला होता. सहा पानं टाईप केलेली आणि सातवं नुसतं चित्राचं. चित्र आमच्याच मालाचं, पंपाच्या केसिंगचं, म्हणजे बीडाच्या बाहेरच्या कवचाचं. केसिंगवर साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडाची एक रेघ उठते. त्या रेघेभोवती कुणीतरी लाल पेन्सिलीनं गोल काढला होता आणि शेजारी हातानं चार रोमन अक्षरं लिहिली होती. एस, एल, आय, एम. खाली सहीऐवजी नावाची तीन आद्याक्षरं. एवढ्याशा शेऱ्यावर सकाळपासून बाप-लेक डोकं फोडत होते, आणि अकरा वाजता मला बोलावणं आलं होतं.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते. पुण्यात पाच वर्षं घासून जर्मन शिकले होते आणि वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून कोल्हापूरला परत आले होते. कोल्हापुरात तेव्हा जर्मन म्हटलं की लोकांना जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली आठवायची. आमच्या शेजारच्या काकूंनी मला खरंच विचारलं होतं, "त्याचा कोर्स असतो होय गं?" अशा गावात उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्या भूपाल शिरगुप्पे अण्णांना जर्मनीच्या एका कंपनीचं पत्र येतं काय आणि ते वाचायला त्यांना माणूस लागतो काय, मला तर देवच पावला असं वाटलं. अण्णांनी दहा नमुने पाठवले होते. पसंत पडले तर वर्षाला चार हजार केसिंगची ऑर्डर होती, आणि ऑर्डर आली तर मला पत्रव्यवहाराची कायमची नोकरी. घरी वडील अंथरुणावर होते. मला ती नोकरी हवी होती.

"टेंबेबाई, तुम्ही सांगा," अण्णा म्हणाले. "सहा पानांत काय हाय आणि ह्या सातव्यात काय हाय."

सहा पानं सोपी होती. मापं बरोबर, कडकपणा बरोबर, वजन बरोबर. शेवटी एकच वाक्य, बाकी अभिप्रायासाठी चित्र पाहावे. म्हणजे सगळा निकाल त्या चार अक्षरांवर येऊन ठेपला होता.

दाराशी केरबा सुतार उभा होता. टोपी हातात, अंगावर लाकडाचा भुसा. अण्णांची फाउंड्री उभी राहिली त्या वर्षापासून, म्हणजे एकतीस वर्षं, तिथले सगळे पॅटर्न त्यानं केले होते. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबून काढायचा, वाळूत त्याची पोकळी राहते, तीत वितळलेलं बीड ओतायचं. पॅटर्न चुकला की सगळं चुकलं. या केसिंगचा पॅटर्न केरबानं सागवानात केला होता, आणि करताना जर्मन ड्रॉइंग सोडून एक गोष्ट आपल्या मनानं केली होती. ड्रॉइंगमध्ये जोड सरळ होता. केरबानं तो तिरका घेतला होता. का, तर सरळ जोडात एका कोपऱ्यात हवा कोंडते आणि ओतकामात भोकं पडतात. "जरा कलतं ठेवलं की वाफ आपसूक वर निघती," असं तो म्हणाला होता. दहाच्या दहा नमुने बिनभोकाचे निघाले होते. अभिनंदन नुकताच इंजिनियर होऊन आलेला, तो तेव्हाही म्हणाला होता की ड्रॉइंगच्या बाहेर जायचं नाही. अण्णांनी तेव्हा केरबाची बाजू घेतली होती.

आणि लाल गोल नेमका त्या तिरक्या रेघेवर होता.

"हा इंग्रजी शब्दच नाही," मी म्हणाले. "जर्मन माणूस जर्मन रिपोर्टवर इंग्रजीत कशाला लिहील? हा जर्मन शब्द आहे, श्लिम."

"पण एस-सी-एच कुठंय?" अभिनंदननं विचारलं. पोरगा चलाख होता. शाळेत जर्मन न शिकताही त्यानं लिफाफ्यावरच्या नावांवरून एवढं उचललं होतं.

मला तो प्रश्न आवडला नाही आणि फार आवडलाही. कारण उत्तर माझ्याजवळ होतं. "ही कंपनी उत्तरेकडची आहे, समुद्राकाठची. तिकडच्या बोलीत 'श'चा 'स' होतो. आपल्याकडं नाही का, वरच्या गावात एक बोलतात नि खालच्या गावात एक? घाईत लिहिताना माणूस घरची बोली लिहून जातो." मी हे सांगत होते आणि मला माझंच कौतुक वाटत होतं. पाच वर्षं जे शिकले ते पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं.

"मग अर्थ काय त्येचा?"

"वाईट."

बाहेर ग्राइंडर चालू होता.

"वाईट म्हंजे कितपत वाईट?" अण्णांनी विचारलं.

"चांगलंच वाईट. आजार बळावला तर हा शब्द वापरतात. अपघात झाला तर वापरतात."

"खात्रीनं?"

"खात्रीनं."

केरबा दारातून एक पाऊल आत आला. "बाई," तो म्हणाला, "त्या शब्दाला दुसरा काय अर्थ न्हाई?"

माझं डोकंच सटकलं. सकाळपासून सगळे माझी परीक्षा घेतायत असं मला वाटत होतं. आधी इंजिनियर आणि आता सुतार. "नाही," मी म्हणाले. "एकच अर्थ आहे."

अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "केरबा, गिऱ्हाईकच वाईट म्हणतंय. आता मी काय करू सांग. तीन आठवड्यांत नवीन नमुने धाडायचेत. ड्रॉइंगसारखा सरळ पॅटर्न कर."

"करतो," केरबा म्हणाला आणि गेला.

पण त्यानं तो केला नाही. पुढचे आठ दिवस मी पत्रांच्या फायली लावायला रोज जात होते आणि पॅटर्नच्या खोलीवरून जाताना मला तो दिसायचा. समोर जुना पॅटर्न, आणि हा स्टुलावर बसून त्याच्याकडं बघतोय. हात लावायचा नाही, बोलायचा नाही. मला राग यायचा. एवढं काय मनाला लावून घ्यायचं, चूक झाली तर झाली, असं मी मनातल्या मनात म्हणायचे. एकदा तर तोंडावरही म्हणाले, "केरबामामा, दिवस चाललेत हो." त्यानं नुसती मान हलवली.

नवव्या दिवशी मी वडिलांना डॉक्टरकडं घेऊन गेले होते, फाउंड्रीत नव्हते. दहाव्या दिवशी गेले तर अभिनंदन स्वतः दुसरा एक कारागीर धरून सरळ पॅटर्न करून घेत होता. केरबा दिसला नाही. मी विचारलंही नाही.

बाराव्या दिवशी अण्णांनी मला पत्राचा मसुदा करायला सांगितला. आपण सुधारणा केली आहे, नवीन नमुने रवाना करत आहोत, वगैरे. पत्र कुणाच्या नावानं लिहायचं हे बघायला मी रिपोर्टचं सहावं पान उलटलं. खाली तपासणाऱ्या चार माणसांची नावं होती. नावांचं भाषांतर करायचं नसतं, म्हणून मी ती आजवर वाचलीच नव्हती. तीन नावं सरळ जर्मन. चौथं नाव होतं, एच. फान डर मेउलन.

फान डर. जर्मन लिहितात ते फॉन नव्हे, फान.

चित्राखालची आद्याक्षरं मी पुन्हा पाहिली. व्ही, डी, एम. ती कंपनी हॉलंडच्या सरहद्दीपासून तासाभरावर होती आणि शेरा मारणारा माणूस जर्मन नव्हताच. डच होता.

मी रिक्षा करून विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. काउंटरवरच्या गृहस्थांना म्हटलं, डच शब्दकोश पाहिजे. ते आत गेले, वीस मिनिटांनी आले आणि जर्मन शब्दकोश माझ्यापुढं ठेवला.

"हा जर्मन आहे."

"मग? त्यावर डॉइच लिहिलंय की. तुम्ही डच म्हणालात."

"डच वेगळं आणि डॉइच वेगळं. डॉइच म्हणजे जर्मन."

"शब्द तर एकच दिसतोय, बाई."

शब्द एकच होता, हेच तर. एका आईच्या पोटचे दोन शब्द, एकानं एका देशात घर केलं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या. एरवी मी त्या गृहस्थांना अर्धा तास बसवून हे सांगितलं असतं. त्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं. मी त्यांना म्हणाले, राहू द्या, आणि पोस्टात जाऊन पुण्याला मोडक सरांच्या नावानं ट्रंककॉल बुक केला. सरांनी मला जर्मन शिकवलं होतं आणि त्यांना डचही येत होतं. दोन तास बाकावर बसले. दोनदा फोन लागून तुटला. तिसऱ्यांदा सरांचा आवाज आला, विहिरीतून यावा तसा.

"सर, मी वसुधा टेंबे. डचमध्ये स्लिम म्हणजे काय?"

"अरे वा," सर म्हणाले. "फार सुंदर शब्द विचारलास. तुला जर्मन श्लिम माहीतच आहे—"

"माहीत आहे सर. डच सांगा."

"सांगतो, पण आधी मूळ बघ. इंग्रजीतला स्लिम, जर्मन श्लिम आणि डच स्लिम ही तिन्ही सख्खी भावंडं. जुना अर्थ काय असेल? सांग बघू."

"सर, फोन कट होईल."

"तिरका. कललेला, सरळ नसलेला. गंमत बघ, अर्थ कसे पांगले. जर्मनांनी म्हटलं, जे सरळ नाही ते वाईट. इंग्रजांकडं जाऊन तो रोड झाला. आणि डचांनी—"

"थ्री मिनिट्स," मधूनच ऑपरेटर बोलला. "एक्स्टेंड?"

"एक्स्टेंड," मी म्हणाले. "सर, डचांनी काय?"

"डचांनी म्हटलं, ज्याला सरळ सोडून तिरकी वाट सुचते त्याला डोकं आहे. स्लिम म्हणजे हुशार. शाबासकीचा शब्द आहे. कुणी कामात युक्ती केली की म्हणतात. तुला कुठं सापडला?"

मी फोन ठेवला आणि चालत उद्यमनगरात गेले. रिक्षा मिळत होत्या, पण मला लवकर पोचायचं नव्हतं.

अण्णांना मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अभिनंदनला हाक मारली आणि विचारलं, "जुना पॅटर्न कुठंय?"

"केरबामामानं कापला," अभिनंदन म्हणाला. "परवाच्या सोमवारी. मी म्हणालो होतो ठेवून देऊ. ते म्हणाले वाईट वस्तू पोरांच्या हाताला लागू नये. स्वतः करवतीवर धरून चार तुकडे केले आणि घरी गेले. त्यानंतर आलेच नाहीत."

"आणि तू मला आत्ता सांगतोस?"

"तुम्हीच म्हणाला होता सरळ करा."

अण्णा माझ्याकडं वळले. "जावा तुम्हीच," ते म्हणाले. "शब्द तुमचा हुता. त्येला सांगा, गाडी धाडतो, माघारी ये. पुन्हा तसाच कर म्हणावं."

पुढं काय झालं तेही सांगून टाकते, उगीच ताणत नाही. सरळ जोडाच्या नमुन्यांत भोकं पडली. मग अभिनंदननं त्या चित्रावरची रेघ मोजून तिरका पॅटर्न करवला, त्यातही पडली, कारण केरबानं कल एकाच अंगाला दिला नव्हता, दुसऱ्या अंगालाही थोडा दिला होता आणि तो चित्रात दिसतच नव्हता. पहिले दहाही नमुने जर्मनीत, तपासणीत कापले गेलेले. कंपनीनं दोन महिने वाट पाहिली आणि ऑर्डर दुसऱ्या कुणाला दिली. मला मात्र नोकरी मिळाली. अण्णा म्हणाले, बाईंनी आपली चूक आपण शोधून काढली, असं माणूस पाहिजे. मी तिथं अकरा वर्षं काम केलं. कुणी कौतुक केलं की मला ते अंगावर पडलेल्या वाळूसारखं टोचायचं.

केरबाचं घर वडणग्यात होतं. त्याच दिवशी मी गेले तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. अंगणात तो कुणाच्या तरी दाराची चौकट करत बसला होता. एक कोपरा जुळवायचा, काटकोनाचा गुण्या लावून बघायचा, तासायचा, पुन्हा लावायचा. मला बघून उठला. बायकोला आत चहा ठेवायला सांगितलं आणि माझ्यासाठी पाट मांडला.

"केरबामामा, चूक माझी झाली," मी म्हणाले. मी वाटेत बरंच काही ठरवलं होतं, त्यातलं एवढंच आलं. "तो शब्द जर्मन नव्हता. डच होता. त्याचा अर्थ वाईट नाही. हुशार असा आहे."

"हुशार?"

"हो. त्या माणसानं तुमची रेघ बघितली आणि शाबासकी लिहिली."

"माझ्या रेघंला?"

"तुमच्याच."

तो हसला. खरंच हसला, आणि आत तोंड करून बायकोला म्हणाला, "ऐकलंस काय? हुशार म्हणालाय त्यो." ती बाहेर आली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा आत गेली. तिची नजर मला अजून आठवते.

"अण्णा गाडी पाठवतायत," मी म्हणाले. "पॅटर्न परत करायचाय. तसाच, तिरका."

केरबा चौकटीशी जाऊन बसला. "त्येचं माप न्हाई माझ्याजवळ."

"मग पहिला कसा केलात?"

"बघून. कलतं करत गेलो, हात म्हणाला बास, थांबलो."

"मग आताही हात सांगेल की."

"न्हाई सांगायचा." त्यानं रंधा उचलला, पुन्हा खाली ठेवला. "बाई, राग मानू नका. तुम्ही शिकल्याली माणसं. तुम्ही वाईट म्हणाला म्हंजे कायतरी असणार. मी म्हटलं, माझीच वस्तू हाय, त्यात वाईट काय हाय ते मलाबी दिसाय पायजे. आठ दिवस समोर घिऊन बसलो. दिसंना. सगळीकडनं बघितलं. नवव्या दिवशी दिसलं."

"काय दिसलं?"

"वाकडं हाय ते."

"अहो, तीच तर त्यातली युक्ती—"

"व्हय. आता तुम्ही म्हणताय तसं असंल. पर एकदा दिसलं ते दिसलं. मी आता कलतं काय कराय गेलो की मला वाकडंच दिसतंय. म्हणून ही चौकटीची कामं घेतली. हितं गुण्या सांगतोय."

मी हट्टाला पेटले. मोडक सरांनी सांगितलेलं सगळं त्याच्यापुढं ओतलं. तिरका, मग एका देशात वाईट, एका देशात बारीक, एका देशात हुशार. बोलता बोलता मीच अडखळले. तिरक्यापासून वाईटापर्यंत यायला जर्मन लोकांना किती पिढ्या लागल्या असतील देव जाणे. या माणसाला मी तिथं नऊ दिवसांत नेऊन सोडलं होतं, आणि तो अंगणात बसून मान डोलावत ऐकत होता, मला वाईट वाटू नये म्हणून. मला स्वतःचीच चीड आली. चहा त्याच्या बायकोनं गूळ घालून केला होता. मी तो सगळा प्याले.

निघताना तो फाटकापर्यंत आला.

"एक इचारू काय, बाई?"

"विचारा."

"त्या दिवशी मी तुमाला म्हणालो, दुसरा अर्थ न्हाई काय. तवा तुमाला म्हाईत न्हवतं, न्हवं?"

"नाही," मी म्हणाले. "माहीत नव्हतं."

"मग तसं म्हणायचं हुतं," केरबा म्हणाला. रागानं म्हणाला नाही. एखाद्या शिकाऊ माणसाला लाकूड कसं धरायचं ते सांगावं तसं म्हणाला, आणि चौकटीची दुसरी बाजू तासायला परत गेला.